तिसाव्या आठवड्यात पाणी गेलं तर: लेबर रूममधला क्रम

तीस आठवड्यांची गरोदर बाई येते आणि सांगते, "अंथरूण ओलं झालं, लघवी होती की पाणी गेलं ते कळलं नाही." अशा वेळी लेबर रूममध्ये आम्ही सगळ्यांना आधी एकच गोष्ट बजावतो, की हातमोजा घालून आतून तपासायचं नाही. कळा जोरात चालू असतील, बाळंतपण तोंडावर आलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी बोटं आत गेली की योनिमार्गातले जिवाणू गर्भाशयाच्या तोंडापर्यंत पोचवायचं काम आपणच करतो. अशा तपासणीनंतर पाणी जाणं आणि बाळंतपण यांमधला अवधी कमी होतो. तीस आठवड्यांच्या बाळाला तो अवधीच हवा असतो.

त्याऐवजी बाईला वीस-तीस मिनिटं उताणं झोपवून ठेवायचं, म्हणजे गळणारं पाणी योनिमार्गाच्या मागच्या खोबणीत साठतं. मग निर्जंतुक स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून आत बघायचं साधन) घालून चांगल्या उजेडात बघायचं. साठलेलं पाणी दिसलं तर निदान झालं, पुढच्या चाचण्यांची गरज नाही. दिसलं नाही तर खोकायला सांगायचं. खोकल्याबरोबर गर्भाशयाच्या तोंडातून पाण्याचा ओघळ येतो का, हे त्या क्षणी नजर तिथेच असेल तरच दिसतं. स्पेक्युलम घालून मागे वळून सिस्टरशी बोलत राहिलं की हा क्षण हमखास हुकतो.

शंका उरली की नायट्राझिन कागद (सामू बदलला की रंग बदलणारा कागद) लावतात. योनिमार्गाचा सामू (पीएच) साधारण ३.८ ते ४.५ असतो, गर्भजलाचा ७.१ ते ७.३, त्यामुळे गर्भजलाने कागद निळा होतो. पण तो रक्ताने, वीर्याने, साबणाने, काही जंतुनाशकांनी आणि जिवाणूंमुळे योनिमार्गाचं संतुलन बिघडलेलं असेल तर तेवढ्यानेही निळा होतो. म्हणून निळ्या कागदावर एकट्याने विसंबू नये. काचपट्टीवर थेंब पसरून दहा मिनिटं आपोआप वाळू दिला की सूक्ष्मदर्शकाखाली नेच्याच्या पानांसारखी नक्षी दिसते. पट्टी तापवून वाळवायची नाही, आणि थेंब गर्भाशयाच्या तोंडातल्या चिकट स्रावातून घ्यायचा नाही, कारण त्या स्रावाचीही तशीच नक्षी उमटते. जिथे गर्भजलातली विशिष्ट प्रथिनं शोधणारी पट्टी मिळते, तिथे ती नायट्राझिनपेक्षा जास्त भरवशाची. सोनोग्राफीत पाणी कमी दिसलं तर संशय बळावतो, पण पाणी इतर कारणांनीही कमी असतं.

स्पेक्युलम आत असतानाच स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेले स्रावाचे नमुने) घेऊन ठेवावेत. 'ब' गटाच्या स्ट्रेप्टोकोकससाठीचा स्वॅब मात्र स्पेक्युलमशिवाय, योनीच्या खालच्या भागातून आणि गुदद्वारातून घ्यायचा. दोन्हीकडून घेतल्याशिवाय तो जिवाणू बराच वेळा सुटतो.

इथे थांबून कारणाकडे यायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "आता पाणी गेलंय, म्हणजे जंतुसंसर्ग होईल का?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. बऱ्याच वेळा संसर्ग आधी झालेला असतो आणि पाणी त्यामुळे जातं. जिवाणू योनिमार्गातून गर्भाशयाच्या तोंडावाटे वर चढतात, गर्भाशयाचं अस्तर आणि गर्भजलाच्या पिशवीचं आवरण यांच्यामधल्या जागेत बसतात, तिथून आवरण पार करून गर्भजलात आणि शेवटी बाळापर्यंत पोचतात. पिशवी शाबूत असतानाही ते आत जाऊ शकतात. युरियाप्लाझ्मा, मायकोप्लाझ्मा होमिनिस, गार्डनेरेला, फ्युझोबॅक्टेरियम ही यातली नेहमीची मंडळी. ई. कोलाय आणि 'ब' गटाचा स्ट्रेप्टोकोकस कमी वेळा सापडतात, पण जास्त घातक. युरियाप्लाझ्मा नेहमीच्या कल्चरवर (नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून बघायची तपासणी) वाढतच नाही, म्हणून 'कल्चरमध्ये काही आलं नाही' याचा अर्थ 'काही नव्हतं' असा घेऊ नये. इतर वाटाही आहेत: आईच्या रक्तातून वारेवाटे, क्वचित पोटातून बीजनलिकेवाटे, किंवा गर्भजल काढायच्या सुईबरोबर. लिस्टेरिया रक्तातून येतो.

जिवाणू प्रत्यक्ष पिशवी कुरतडत नाहीत, किंवा निदान तो मुख्य भाग नव्हे. त्यांच्या भिंतीतले घटक ओळखून आईच्या आणि बाळाच्या पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८, टीएनएफ अशी दाहक रसायनं सोडतात. त्यातून दोन गोष्टी एकदम सुरू होतात. प्रोस्टाग्लँडिन वाढतं, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं आणि तोंड मऊ होतं. दुसरीकडे पांढऱ्या पेशी गोळा होऊन कोलॅजेन तोडणारी विकरं सोडतात आणि पिशवीचं आवरण विरतं. पहिली बाजू जोरात चालली तर बाई कळा घेऊन येते, दुसरी जोरात चालली तर पाणी घेऊन. गर्भाशयातला संसर्ग कित्येक आठवडे मुका राहू शकतो. पाणी जाऊन दाखल झालेल्या साधारण एक तृतीयांश बायकांच्या गर्भजलात जिवाणू सापडतात, पिशवी शाबूत असून कळा सुरू झालेल्यांत साधारण १३ टक्के, आणि यातल्या बहुतेकींना त्या वेळी ताप नसतो. दिवस जितके कमी, तितकी संसर्गाची शक्यता जास्त. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत झालेल्या बाळंतपणांत वारेच्या तपासणीत दाह सापडणं हा अपवाद नसून रीत आहे. चौतीस आठवड्यांनंतर हे प्रमाण बरंच उतरतं.

म्हणजे लेबर रूममध्ये दोन घड्याळं एकदम चालू असतात. बाळ आत जितकं राहील तितकी त्याची फुप्फुसं पिकतात. आत संसर्ग असेल तर मात्र प्रत्येक तास बाळाच्या मेंदूला आणि आईलाही महागात पडतो. पहिल्या दिवसाची कामं या दोन्हींचा हिशेब ठेवून ठरतात.

दाखल करताना ताप, नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, बाळाचे ठोके, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, सीआरपी (दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) आणि लघवीचं कल्चर. पांढऱ्या पेशींसाठीचं रक्त स्टिरॉइडच्या इंजेक्शनच्या आधी घ्यावं. इंजेक्शनने त्या वाढतात आणि पुढचे दोन-तीन दिवस तो आकडा निरुपयोगी होतो. मग लगेच बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइड: बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम स्नायूत, चोवीस तासांच्या अंतराने दोन वेळा, किंवा डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम बारा तासांच्या अंतराने चार वेळा. ही कल्पना न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली मांडली. संसर्ग असताना स्टिरॉइड दिलं तर तो भडकेल ही भीती फार जुनी. पाणी गेलेलं आहे एवढ्यावरून स्टिरॉइड अडवू नये. आईला संसर्गाची उघड लक्षणं असतील तर मात्र जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला न देण्याचा आहे.

अँटिबायोटिक इथे नक्की द्यायचं. एरिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस किंवा खऱ्या कळा सुरू होईपर्यंत. दुसरी प्रचलित पद्धत सात दिवसांची: पहिले ४८ तास शिरेतून अँपिसिलिन २ ग्रॅम दर सहा तासांनी आणि सोबत एरिथ्रोमायसिन, मग पाच दिवस तोंडाने अमॉक्सिसिलिन आणि एरिथ्रोमायसिन. एरिथ्रोमायसिनने पोट बिघडतं, म्हणून अनेक ठिकाणी त्याऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट मात्र टाळायचं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ओरॅकल या मोठ्या चाचणीत त्याने बाळांच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचं प्रमाण वाढलं होतं. हे औषध हाताशी असतं आणि 'जास्त ताकदीचं' वाटतं, म्हणून रेफर होऊन आलेल्या चिठ्ठ्यांवर ते अजूनही दिसतं.

या अँटिबायोटिकने आतला संसर्ग बरा होतो असं मात्र समजू नये. बाळंतपण काही दिवस पुढे जातं, आई-बाळाचा उघड संसर्ग कमी होतो, एवढाच त्याचा वाटा. पेटलेला दाह ते मागे फिरवत नाही. पाणी गेलेल्यांपैकी निदान निम्म्या बायका आठवड्याभरात बाळंत होतातच.

बाळंतपण चोवीस तासांत होईल असं दिसत असेल आणि आठवडे बत्तिसाच्या आत असतील तर बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट: ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, वीस मिनिटांत, मग तासाला १ ग्रॅम. गुडघ्यावर ठोकल्यावर पायाला बसणारा झटका, श्वासाची गती आणि लघवी बघत राहायचं. झटका गेला की औषध बंद. उतारा म्हणून दहा टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर शेजारी काढून ठेवलेलं असावं. ज्या दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सोय नाही, तिथून बाईला पोटातल्या बाळासकट हलवावं. जन्मलेल्या बाळाला हलवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. स्टिरॉइडचा पहिला डोस आणि अँटिबायोटिक गाडीत बसण्याआधीच द्यायचं आणि वेळ चिठ्ठीवर लिहायची. ती वेळ लिहिलेली नसेल तर पुढच्या ठिकाणी सगळं पुन्हा सुरू होतं.

यानंतर सुरू होतं वाट बघणं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दर चार तासांनी ताप आणि नाडी, दिवसातून निदान एकदा-दोनदा बाळाच्या ठोक्यांचा आलेख. पॅड पांढरं असावं, बदलताना रंग आणि वास बघून लिहावा. पाणी स्वच्छ किंवा फिकट गुलाबी असलं तर चिंता कमी. हिरवट, पिवळट, दुर्गंधी आली तर लगेच कळवायचं. बाईलाही हे शिकवावं. पॅडमधला फरक तिला आमच्या आधी कळतो.

ताप हे उशिराचं लक्षण आहे. त्याच्या आधी आईची नाडी शंभराच्या वर जाऊन तिथेच राहते, बाळाचे ठोके १६० च्या वर सरकतात, पोट दाबल्यावर दुखतं, कधी नुसतंच बाईला "बरं वाटत नाही". तक्त्यावर नाडी ८४, ९२, १०४, ११० अशी चढताना दिसते, पण प्रत्येक पाळीतल्या सिस्टरला फक्त आपलाच आकडा दिसतो. सलग रेघ ओढून बघितली की चढण कळते. डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल द्यायचं असेल तर आधी ताप मोजून लिहायचा, नाहीतर पहिली सूचना आपणच पुसून टाकतो. सीआरपी, पांढऱ्या पेशी, ठोक्यांचा आलेख यांपैकी एकट्या कशावरही निदान करू नये. तिन्ही एका दिशेने जात असतील तर ताप यायची वाट बघू नये.

संशयित संसर्गाची व्याख्या २०१५ च्या एका तज्ज्ञ बैठकीत घट्ट केली गेली: ताप एकदा ३९ अंश सेल्सियस किंवा जास्त, अथवा ३८ ते ३८.९ अंश तीस मिनिटांच्या अंतराने दोनदा, आणि त्यासोबत पुढच्यांपैकी एक: बाळाचे ठोके दहा मिनिटं १६० च्या वर, आईच्या पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर (स्टिरॉइड दिलेलं नसताना), किंवा गर्भाशयाच्या तोंडातून पू. खात्री मात्र गर्भजलाच्या तपासणीने किंवा नंतर वारेच्या तपासणीनेच होते. सुईने पाणी काढून तपासलं तर साखर डेसिलिटरला १४ मिलिग्रॅमच्या खाली गेलेली, पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि कधी रंगवलेल्या काचपट्टीवर थेट जिवाणू दिसतात. पण पाणी गेलेल्या पोटात सुई घालायला जागाच कमी असते, आणि सगळीकडे हे करतही नाहीत.

निदान ठरलं की आठवडे मोजणं थांबतं. अँपिसिलिन २ ग्रॅम दर सहा तासांनी आणि जेंटामायसिन किलोमागे ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, तेही बाळंतपण होईपर्यंत न थांबता लगेच सुरू. कळा थांबवणारी औषधं बंद. सिझेरियन केवळ संसर्गासाठी करायचं नाही. तोंड उघडायला लागलेलं असेल तर कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन लावून खालूनच बाळंतपण करावं, कारण संसर्ग झालेल्या गर्भाशयावर छेद घेतला की जखम चिघळण्याचा धोका वाढतो. सिझेरियन करावंच लागलं तर जोडीला क्लिंडामायसिन किंवा मेट्रोनिडाझोल. दाहाने थकलेला गर्भाशयाचा स्नायू नंतर नीट आवळत नाही, म्हणून जास्त रक्तस्रावाची तयारी आधीच ठेवायची: दोन जाड सुया, रक्तगट जुळवलेला, ऑक्सिटोसिन भरलेलं.

संसर्गाची लक्षणं आलीच नाहीत तर किती थांबायचं, यावर एकमत नाही. काही जण चौतीस आठवड्यांना बाळंतपण करवतात, काही सदतीसपर्यंत थांबतात. 'ब' गटाचा स्ट्रेप्टोकोकस सापडलेला असेल तर चौतिसानंतर थांबण्यात शहाणपण नाही, असं आमचं मत.

आता दुसरी बाई. कळा आहेत, पाणी गेलेलं नाही, ताप नाही, आठवडे तेवढेच. घरचे म्हणतात, "खबरदारी म्हणून अँटिबायोटिक द्या ना." नवे डॉक्टरही हेच सुचवतात, आणि वरचं सगळं वाचल्यावर तसं वाटणं साहजिकच आहे. द्यायचं नाही. ओरॅकलच्या दुसऱ्या भागात नेमक्या अशाच सहा हजारांहून अधिक बायकांना औषध किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन बघितलं गेलं. बाळंतपण पुढे ढकललं गेलं नाही, बाळांना फायदा झाला नाही. सात वर्षांनी मुलं तपासली तेव्हा एरिथ्रोमायसिन मिळालेल्या गटात सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींत येणारं कायमचं अपंगत्व) ३.३ टक्के होती आणि न मिळालेल्या गटात १.७ टक्के. एक शक्यता अशी, की अर्धवट दाबलेल्या संसर्गासह बाळ जास्त दिवस आत राहिलं. कारण काहीही असो, 'दिलं तर काय बिघडलं' या प्रश्नाचं उत्तर आता आकड्यात आहे. ही मनाई फक्त पिशवी शाबूत आणि संसर्गाची लक्षणं नसतानाची. प्रत्यक्ष बाळंतपण सुरू झालं की अपुऱ्या दिवसांच्या बाळाला 'ब' गटाच्या स्ट्रेप्टोकोकसपासून वाचवण्यासाठी पेनिसिलिन द्यायचं असतं, पहिला डोस जन्माच्या चार तास आधी गेला तर उत्तम. दोन्ही सूचना एकमेकींत मिसळल्याने बराच गोंधळ होतो.

आधीच्या महिन्यांत काय करता येतं, याचं सगळ्यात ठोस उत्तर म्हणजे लघवीचं कल्चर. लघवीत एका मिलिलिटरला एक लाखावर एकाच जातीचे जिवाणू आणि बाईला काहीच त्रास नाही, अशी स्थिती १०० गरोदर बायकांत साधारण २ ते १० जणींत सापडते. उपचार न केल्यास त्यातल्या बऱ्याच जणींना पुढे मूत्रपिंडाला सूज येऊन थंडी-ताप येतो, आणि अशा तापात कळा सुरू होतात. नेहमीच्या पट्टीच्या तपासणीत हे सुटतं, कल्चरच लागतं, आणि ते पहिल्याच भेटीत, बारा ते सोळा आठवड्यांत करावं. नमुना नीट नसेल तर सगळं फुकट. आधी पाण्याने पुढून मागे धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आत बोट लावायचं नाही, दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायचं किंवा फ्रिजमध्ये ठेवायचं. अहवालात तीन-चार जातींचे जिवाणू लिहून आले तर तो संसर्ग नसून नमुना बाहेरच्या त्वचेने बिघडलेला आहे. औषध न देता नमुना पुन्हा घ्यावा. खरा असेल तर जिवाणू कशाला दाद देतो ते बघून सात दिवसांचा कोर्स, आणि संपल्यावर साधारण आठवड्याने परत कल्चर. नायट्रोफ्युरँटॉइन दिवस भरत आले असताना टाळायचं. लघवीत 'ब' गटाचा स्ट्रेप्टोकोकस आला असेल तर बाळंतपणात पेनिसिलिन लागणारच. हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहावं.

योनिमार्गातले चांगले लॅक्टोबॅसिलस कमी होऊन दुसरे जिवाणू माजतात, त्या अवस्थेचा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी संबंध पक्का आहे. मासळीसारखा वास, पातळ राखाडी स्राव असा त्रास असेल तर मेट्रोनिडाझोल सात दिवस द्यावंच, बाईला आराम पडतो. पण त्रास नसलेल्या, कमी जोखमीच्या प्रत्येकीला तपासून औषध दिल्याने बाळंतपणं पुढे गेलेली नाहीत. फ्रान्समध्ये पहिल्या तिमाहीतच क्लिंडामायसिन देऊन बघितलं, त्यानेही फरक पडला नाही. हिरड्यांच्या आजाराचंही तेच: संबंध दिसतो, गरोदरपणात दात साफ करून घेणं सुरक्षित आहे, पण त्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाली नाहीत.

गरोदरपणात कारण न सापडणारा ताप आला तर रक्ताचं कल्चर करावं आणि लिस्टेरिया डोक्यात ठेवावा. त्याच्यावर सेफॅलोस्पोरिन गटाची औषधं चालत नाहीत, अँपिसिलिन लागतं. 'फ्लू असेल' म्हणून सोडून दिलेल्या तापांत हा लपतो.

बाळ जन्मल्यावर: रडत असेल तर नाळ साठ सेकंदांनी बांधायची, बत्तीस आठवड्यांच्या आतलं बाळ न पुसता मानेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत, डोक्याला टोपी. संसर्गाचा संशय असेल तर निदान १ मिलिलिटर रक्त कल्चरला आणि अँपिसिलिन-जेंटामायसिन सुरू. कल्चर स्वच्छ आलं आणि बाळ बरं असेल तर ३६ ते ४८ तासांत बंद. चालू ठेवण्याचा मोह होतो, पण लांबलेल्या अँटिबायोटिकने आतड्याचा धोका वाढतो.

आणि वार फेकायची नाही. गडबडीत ती बादलीत जाते आणि घडलेल्या गोष्टीचा एकमेव पुरावा जातो. आधी निर्जंतुक हातांनी आवरणाचे दोन पदर वेगळे करून मधून कल्चरचा स्वॅब घ्यायचा. फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रावणात) टाकल्यावर कल्चर होत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. मग वार, आवरण आणि नाळ भरपूर फॉर्मेलिनमध्ये, सोबत आठवडे, पाणी किती तास गेलेलं होतं आणि ताप होता का, हे लिहून. अहवालात दोन गोष्टी वेगळ्या वाचाव्यात. आवरणातला दाह ही आईची प्रतिक्रिया, नाळेच्या रक्तवाहिन्यांतला दाह ही बाळाची. दुसरी असेल तर ती चिठ्ठी बाळाच्या डॉक्टरांकडे गेलीच पाहिजे, कारण अशा बाळांच्या फुप्फुसांवर आणि मेंदूवर जास्त काळ लक्ष ठेवावं लागतं. दाह सापडलाच नाही तर कारण दुसरीकडे शोधायचं: वार सुटणं, वारेचा रक्तपुरवठा कमी पडणं.

पुढच्या गरोदरपणासाठी बायका मधल्या काळात अँटिबायोटिकचा कोर्स मागतात. तसं करून बघितलं गेलं आहे, उपयोग झाला नाही. उपयोगी आहे ते लघवीचं कल्चर आणि सोळा ते चोवीस आठवड्यांत दर दोन आठवड्यांनी आतून सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजणं. ती २५ मिलिमीटरच्या खाली गेली तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका यांचा विचार होतो. तोंड उघडून पिशवी दिसायला लागली असेल तर टाका घालण्याआधी ताप, पांढऱ्या पेशी आणि शक्य तिथे गर्भजल बघून संसर्ग नाही ना हे ठरवावं. संसर्गावर टाका घातला तर जिवाणू आत आणि बाहेर पडायची वाट बंद, अशी स्थिती होते. आधीच टाका असलेल्या बाईला पाणी जाऊन ताप आला तर टाका त्याच तासाला कापायचा.